‘चालेल’ या शब्दाचा अर्थ संमती असा न धरणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री, तक्रार कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. ७

अर्जदार : पुस्तकबांधणी कारागीर, सार्वजनिक ग्रंथालय
अर्जलेखिका : अर्जदाराची थोरली मेव्हणी, निवृत्त आवक-जावक लिपिक

विषय : खरेदीदारास पूर्ण परतावा मिळूनही त्याच्याच ताब्यात राहिलेले चालण्याचे यंत्र अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ४ ऑगस्ट
२) आपल्या कक्षाचे पत्र, दि. १४ ऑगस्ट (‘संमती दिसून येते’)
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. २१ ऑगस्ट
४) आपल्या कक्षाचे पत्र, दि. ३० ऑगस्ट (‘वस्तू अस्तित्वात नाही’)
५) सुनावणीची नोंद, दि. ११ सप्टेंबर (‘अर्जदाराच्या संमतीने बंद’)

महोदय,

१) सदर प्रकरणी यापूर्वीचे दोन्ही अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिले होते. पहिल्यात त्याने पाच वेळा माफी मागितली आहे आणि यंत्राचा उल्लेख दोनदा आला आहे. दुसऱ्यात ‘आपणांस त्रास देण्याची इच्छा नव्हती’ हे वाक्य सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही. असे अर्ज वाचणाऱ्यास, अर्जदारानेच काहीतरी गुन्हा केला असावा असे वाटले तर दोष कोणाला द्यावा? म्हणून हा तिसरा अर्ज त्याच्या वतीने त्याची थोरली मेव्हणी लिहीत आहे. तिच्या नोकरीची एकतीस वर्षे एका कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेली. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, आणि पुढे काय झाले हे विचारायला कोणी आले की ‘साहेबांकडे आहे’ असे सांगायचे, हे तिचे काम. टेबलाच्या या बाजूला उभे राहण्याची तिची ही पहिलीच वेळ आहे. अर्जाचा मजकूर अर्जदारास वाचून दाखवला असता तो ‘चालेल’ म्हणाला. या शब्दाविषयी पुढे सविस्तर येणारच असल्याने, येथे त्याने मान डोलावून व सही करून होकार दिला असे वाचावे.

२) अर्जदार ग्रंथालयात पुस्तके बांधतो. सुटलेली पाने शिवणे, पुठ्ठा बदलणे, खळ लावून पुस्तक दाबाखाली ठेवणे आणि ते वाळेपर्यंत गप्प बसणे, यात त्याचा दिवस जातो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या पत्नीस, म्हणजे अर्जलेखिकेच्या धाकट्या बहिणीस, अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला. हात हळूहळू बराचसा परत आला. पाय काही केल्या येईना. घरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बिनमोटरचे चालण्याचे यंत्र घ्यायला सांगितले. त्यांचे शब्द असे : “मोटरचं यंत्र माणसाला पळवतं. हिला हिच्या पायाच्या मर्जीनं चालू दे.”

सदर यंत्रास मोटर नाही, वायर नाही, चालू-बंद करण्याचे बटण नाही. रबरी पट्ट्यावर उभे राहून पाऊल टाकले की पट्टा मागे सरकतो आणि माणूस थांबला की पट्टाही थांबतो. पुढच्या बाजूस आकडे दाखवणारी एक डबी आहे. ती घड्याळाच्या सेलवर चालते आणि फक्त पावले मोजते. तिला मात्र एक बटण आहे. हे बटण पुढे महत्त्वाचे ठरणार असल्याने कृपया लक्षात ठेवावे.

यंत्राच्या मूळच्या दांड्या पत्नीस उंच पडत होत्या. अर्जदाराने वेल्डर घरी आणला. पत्नीस दोन बाजूंनी धरून उभे केले आणि तिचे मनगट जिथे येते तिथवर दोरा धरून माप घेतले. डावा खांदा उतरलेला असल्याने डावी दांडी उजवीपेक्षा दोन बोटे खाली बसवली आहे. डाव्या मुठीत जोर नसल्याने त्या दांडीला अर्जदाराने बांधणीचे जाड कापड स्वतः खळ लावून गुंडाळले आहे. दुकानात असे यंत्र विकत मिळत नाही. ते एकाच बाईच्या मापाचे आहे, आणि अर्जदार तेच यंत्र मागत आहे, त्याच्या किमतीचे दुसरे नव्हे.

३) मग ते विकले कशाला, असा प्रश्न आपणांस पडेल. तो सर्वांनाच पडला. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून जे झाले ते लिहीत आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी पत्नी यंत्रावर अकरा पावले चालली. डिसेंबरपर्यंत तीनशे चाळीस झाली. अर्जदार रोज तो आकडा ग्रंथालयाच्या जुन्या तारीख-चिठ्ठीवर लिहून ठेवत असे. मग एके सकाळी ती न्हाणीघरात पडली. यंत्राचा त्यात काडीचा संबंध नव्हता, पण भीती काही पत्ता विचारून येत नाही. त्या दिवसापासून ती यंत्रावर चढली नाही. यंत्र पलंगासमोर, खिडकीजवळ उभे असे. ती म्हणे, “ते माझ्याकडे बघत बसतं.” अर्जदाराने त्यावर चादर टाकली. तेव्हा ती म्हणाली, “आता पांघरूण घेऊन बघतंय. काढून टाका ते.” सात महिने हेच चालले. अर्जदाराने तिला कधी जोर केला नाही, रागावून पाहिले नाही. एखाद्याने निदान एकदा तरी रागवावे. पण अर्जदाराचा स्वभाव तसा नाही, आणि या प्रकरणाचे मूळ त्या स्वभावातच असल्याने त्याबद्दल चार ओळी लिहिणे भाग आहे.

अर्जदार कशालाही ‘चालेल’ म्हणतो. चहा गार झालाय, चालेल. सदरा दोन मापे मोठा आलाय, चालेल. लग्नाच्या बोलणीच्या वेळी आमच्या वडिलांनी ‘मुलगी जरा तोंडाळ आहे’ असे आधीच सांगितले होते, त्यावरही हा माणूस ‘चालेल’ म्हणाला. आम्ही तेव्हा हसलो. तेवीस वर्षे तो शब्द त्या घरात मिठासारखा वापरला गेला, त्याने कधी कोणाचे बिघडले नाही. त्या सवयीनेच त्याने ‘काढून टाका’ यालाही ‘चालेल’ म्हटले आणि जुलैमध्ये यंत्र जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर विकायला टाकले.

४) जाहिरातीचा मजकूर असा : ‘चालण्याचे यंत्र. जुने, पण चालू स्थितीत.’ मोटर नाही हे त्यात लिहिले नव्हते. ही चूक अर्जदाराची आहे आणि ती तो मान्य करतो. का लिहिले नाही असे विचारता म्हणाला, “फोटोत वायर दिसतच नाही ना, ताई.” यंत्र एका सलूनच्या मालकांनी घेतले. दि. ९ जुलै रोजी टेम्पो येऊन ते घेऊन गेला. दि. १२ जुलै रोजी दुपारी अ‍ॅपवर जो पत्रव्यवहार झाला, तो जसाच्या तसा खाली देत आहे.

सलूनवाले, ४ वाजून १० मिनिटे : ‘बटण दाबतोय, चालू होत नाही.’
सलूनवाले, ४ वाजून १२ मिनिटे : ‘नुसत्या पायाने चालेल का?’
सलूनवाले, ४ वाजून १२ मिनिटे : ‘नाहीतर पूर्ण पैसे परत घेतो आणि हे टाकून देतो, चालेल का?’
अर्जदार, ४ वाजून १३ मिनिटे : ‘चालेल.’
अर्जदार, ४ वाजून १३ मिनिटे : ‘पाय टाकला की आपोआप चालेल. ते बटण डबीचं आहे.’

अर्जदाराचे पहिले उत्तर दुसऱ्या संदेशाला होते. तिसरा संदेश मधल्या मध्ये येऊन बसला आहे हे त्याने पाहिलेच नाही. त्याची बोटे खळीने जाड झालेली, चष्मा कपाळावर, आणि तो इतक्या वर्षांत हाच शब्द इतक्यांदा लिहीत आला आहे की ‘चा’ टाइप करताच त्याचा फोन पूर्ण शब्द स्वतःहून पुढे करतो. त्याने त्यावर बोट ठेवले. तो शब्द गेला, आणि त्याच क्षणी अ‍ॅपने व्यवहार बंद केला. खुलाशाचे पुढचे वाक्य गेलेच नाही. ‘पाठवता आले नाही’ अशा लाल अक्षरांसह ते अद्याप अर्जदाराच्या फोनमध्ये आहे. अर्जदार ते पुसत नाही. अधूनमधून उघडून बघतो.

त्यानंतर अ‍ॅपचा संदेश आला : ‘अभिनंदन! आपण वाद सामंजस्याने मिटवला आहे. आपला अनुभव कसा होता?’ आणि खाली पाच तारे. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले असे म्हणतात. येथे धुपाटण्याच्या जागी तारे आले. अर्जदाराने पाचही तारे दिले. ‘त्यांनी विचारलं होतं’ एवढेच त्याचे म्हणणे आहे.

हरकत घेण्यास बहात्तर तासांची मुदत होती. अर्जदार ‘जाऊ दे’ म्हणाला आणि मुदत गेली. आपण मुदतीचा मुद्दा काढलात तर आमच्याकडे उत्तर नाही.

५) यानंतर जे घडले ते अर्जदाराच्या पत्नीच्या बाजूचे आहे, आणि आपल्या फायलीत ते कोठेही नाही.

यंत्र गेल्यावर फरशीवर त्याच्या चार पायांचे चार काळे गोल उरले. घासूनही निघाले नाहीत. पत्नीने दुसऱ्याच दिवशी विचारले, “अहो, ते कुठे गेलं?” अर्जदाराने विकल्याचे सांगितले. “विचारायचं तरी.” “तूच म्हणालीस.” “मी म्हणाले म्हणून विकायचं?” एवढे बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली. अर्जदार स्वयंपाकघरात जाऊन बसला. हे त्याने अर्जलेखिकेस स्वतः सांगितले, आणि सांगताना तो आपण काही फार मोठे नुकसान केल्यासारखा बोलत होता. ते तसे होतेही, पण तेव्हा त्याला आणि कोणालाच कळले नव्हते.

दि. २८ जुलै रोजी सकाळी अर्जदार डबा भरत असताना खोलीतून आवाज आला. तो धावत गेला. पत्नी पलंगावरून उठून, खिडकीची कड धरून, एकटी चार पावले चालली होती आणि त्या चार काळ्या गोलांच्या मध्ये जाऊन उभी होती. सात महिन्यांत पहिल्यांदा. खिडकीची कड तिथे संपते. तिने दोन्ही हात कमरेच्या थोडे वर धरले होते. डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटे खाली. अर्जदाराने तिच्या हाताखाली आपले हात दिले. ती म्हणाली, “तुम्ही नको. तुम्ही हलता.”

तेव्हापासून ती रोज तेवढीच चालते. चार पावले जाते, त्या गोलांत उभी राहते, धरायला काही नसते म्हणून अर्जदार तिला पुन्हा पलंगावर आणून बसवतो. त्याने खुर्ची ठेवून पाहिली, ती सरकते. वेल्डरला बोलावून तशाच दांड्या भिंतीला बसवता येतील का विचारले, पण भाड्याची भिंत पोकळ विटांची आहे, ओढ घेणार नाही. अर्जलेखिका एकदा स्वतः पुढे उभी राहिली. तिलाही ‘तू हलतेस’ असे सांगण्यात आले. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, “पाय जागा झालाय. पण हवेत किती दिवस उभी राहील? दोन-तीन महिने असेच गेले तर पुन्हा घाबरेल, आणि या खेपेची भीती जाणार नाही.” हे त्या जुलैअखेर म्हणाल्या. आज ऑक्टोबर उजाडला आहे.

६) सबब अर्जदार व अर्जलेखिका दि. २ ऑगस्ट रोजी सलूनवाल्यांकडे गेले. भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो, निदान एकजण तरी. सलूनच्या मागे एक छोटी उघडी जागा आहे, तिथे यंत्र उभे होते. टाकून दिलेले नव्हते. त्याच्या दोन्ही दांड्यांवर ग्राहकांचे ओले टॉवेल वाळत घातले होते. डाव्या दांडीचे कापड भिजून सुटायला लागले होते. अर्जदाराने टॉवेल बाजूला केला आणि कापडाची सुटलेली कड अंगठ्याने दाबून धरली. खळ नसताना कापड कसे चिकटणार? तरी तो बराच वेळ तसाच दाबून उभा होता.

सलूनवाले माणूस वाईट नाहीत, हे लिहिलेच पाहिजे. सर्व हकीकत ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, “काका, आत्ताच्या आत्ता न्या. मला टॉवेलला दोरी पुरते.” आम्ही टेम्पो बघायला निघालो, तेवढ्यात त्यांनी फोन पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. परतावा घेताना अ‍ॅपने त्यांच्याकडून एका चौकटीत खूण करून घेतली होती. तिथे लिहिले होते : ‘वस्तू निकामी असून खरेदीदाराने तिची विल्हेवाट लावली आहे.’ त्यांनी न वाचता खूण केली. सगळेच करतात. आता यंत्र परत दिले, तर खोटी माहिती दिली म्हणून त्यांचे खाते कायमचे बंद होते, आणि सलूनच्या खुर्च्या, आरसे, यंत्रे ते याच अ‍ॅपवरून घेतात. ते म्हणाले, “मला द्यायचंच आहे. मला काही होणार नाही असा एक कागद आणा कुठूनतरी. मी स्वतः घरी आणून ठेवतो.” तो कागद म्हणजे आपल्या कक्षाचे पत्र. अर्जदाराच्या संसाराची किल्ली आज आपल्या टेबलावर आहे, आणि आपणांस ते ठाऊकही नसावे.

७) आपल्या कक्षाने दि. १४ ऑगस्टच्या पत्रात म्हटले आहे की, ‘अर्जदाराने “चालेल” असे लेखी कळविले असून सदर शब्दाचा प्रचलित अर्थ संमती असा आहे. त्यानंतरचा मजकूर पाठविला गेला नसल्याने विचारात घेता येत नाही.’ महोदय, अर्जलेखिकेने एकतीस वर्षे हा शब्द कचेरीत ऐकला आहे. साहेब ज्या रजेला ‘चालेल’ म्हणाले, त्यांतली एकही मंजूर झालेली तिच्या स्मरणात नाही. घड्याळ चालेल, नाणे चालेल, मूल चालेल, गाडी ढकलली तर चालेल, पाहुणे आले तरी चालेल. आपल्या भाषेत हा शब्द इतक्या ठिकाणी राबतो की तो नेमका कोणाच्या घरी कामाला आहे हे आधी विचारायला हवे. अर्जदाराने तो यंत्राबद्दल वापरला होता. यंत्राबद्दल तो खराच होता. पाय टाकला की ते चालते.

दुसऱ्या अर्जावर दि. ३० ऑगस्ट रोजी उत्तर आले की, ‘अभिलेखानुसार वस्तू नष्ट झालेली आहे. नष्ट वस्तू परत करण्याची तरतूद नाही. वस्तू अस्तित्वात असल्यास खरेदीदाराकडून तसा दाखला आणावा.’ खरेदीदार दाखला द्यायला तयार आहेत, आपले अभय-पत्र मिळाले तर. आपण अभय-पत्र द्यायला तयार आहात, दाखला मिळाला तर. अंडे आधी की कोंबडी आधी, यावर दोन सज्जन बसलेले आहेत आणि मधे एक बाई चार पावलांवर उभी आहे. यंत्राचा, त्यावरील टॉवेलांसह, फोटो जोडला होता. फोटो ‘अस्पष्ट’ म्हणून परत आला. त्यात टॉवेल स्पष्ट दिसतात.

८) दि. ११ सप्टेंबरच्या सुनावणीस अर्जलेखिका येऊ शकली नाही. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच आठवड्यात होते. तिने तारीख बदलून घ्यायला हवी होती, आणि त्याची तिला आजही चुटपुट लागून आहे. अर्जदार एकटा आला. सकाळी दहापासून बाकावर बसला. दुपारी आपल्या कक्षातील लिपिक बाहेर आले आणि म्हणाले, “आज साहेब नाहीत. तूर्त बंद करून ठेवू, मग परत उघडू. चालेल ना?”

अर्जदार काय म्हणाला असेल हे आपण जाणताच.

त्याला वाटले, फाईल बंद करून ठेवायची म्हणजे दोरी बांधून कपाटात ठेवायची, उद्या सोडायची. तो पुस्तके बांधणारा माणूस आहे, बांधलेले उघडता येते असे त्याला वाटते. नोंदवहीत मात्र ‘अर्जदाराच्या संमतीने प्रकरण बंद’ असे लिहिले गेले आणि त्याखाली त्याची सही घेतली. घरी येऊन त्याने पत्नीस सांगितले, “उघडणार आहेत परत.” तिने विचारले, “कधी?” हे त्याने विचारलेच नव्हते.

९) अर्जलेखिका आपल्या लिपिकास दोष देऊ शकत नाही, कारण ती स्वतः त्याच जागेवर बसली होती. एक गृहस्थ तिच्या टेबलाशी एका दाखल्यासाठी वर्षभर येत असत. छत्री टेबलाला टेकवून उभे राहत. ती दर वेळी ‘साहेबांकडे आहे’ म्हणे. दाखला तिच्याच खणात, तळाशी, दुसऱ्या कागदाला चिकटून होता, आणि तो खण रिकामा करेपर्यंत सापडला नाही. तोवर ते यायचे बंद झाले होते. त्यांना दाखला कशासाठी हवा होता हे तिने एकदाही विचारले नाही. आता बहिणीकडे पाहताना ते गृहस्थ आठवतात, आणि लाज वाटते. म्हणून या अर्जात यंत्र कशासाठी हवे आहे तेच जास्त लिहिले आहे. लांबल्याबद्दल रागावू नये.

१०) सध्याची परिस्थिती अशी. अर्जदाराने घरात ‘चालेल’ म्हणणे सोडले आहे. अर्जलेखिकेने ‘भात करू का पोळ्या’ असे विचारले, तर तो दचकतो आणि ‘दोन्ही’ म्हणतो. ग्रंथालयात पुस्तक हाती घेऊन बसतो आणि खळ वाळून जाते. पत्नी रोज सकाळी त्या चार गोलांत उभी राहते. पूर्वी पाच मिनिटे उभी राही, मग तीन, परवा तिने नुसते पलंगावरून तिकडे पाहिले आणि म्हणाली, “आज नको.” फिजिओथेरपिस्ट बाई गेल्या शनिवारी येऊन गेल्या, त्याबाबतचा कागद सोबत जोडला आहे (सहपत्र ५). याहून जास्त काय करावे हे आम्हा दोघांनाही कळेनासे झाले आहे. अर्जदाराने काही खोटे केले नाही, सलूनवाल्यांनी केले नाही, आपल्या कक्षानेही नियमाबाहेर काही केले नाही, आणि तरी ती बाई चालता चालता थांबली आहे.

सबब नम्र विनंती की, सलूनवाल्यांनी यंत्र परत केल्यास त्यांच्यावर कारवाई होणार नाही, एवढे एका ओळीचे पत्र आपल्या सहीने द्यावे. परताव्याचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्यावेत. ते अर्जदारास नकोत आणि त्याबाबत पुढे कधीही तक्रार करणार नाही. नष्ट वस्तू आपल्या नोंदीत नष्टच राहिली तरी आमची हरकत नाही. ती फक्त खिडकीजवळ उभी असावी.

अर्जाच्या शेवटी ‘साहेब जे ठरवतील ते चालेल’ असे लिहावे, असा अर्जदाराचा आग्रह होता. अर्जलेखिकेने ते लिहिलेले नाही.

उत्तर येईपर्यंत, आणि नाही आले तरी,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार

(सही)
अर्जलेखिका, अर्जदाराच्या पत्नीची थोरली बहीण

दिनांक : ६ ऑक्टोबर

सहपत्रे :

१) दि. १२ जुलैच्या पत्रव्यवहाराची प्रत, न गेलेल्या वाक्यासह.

२) यंत्राचा नवा फोटो. या खेपेस सलूनवाल्यांनी टॉवेल काढून ठेवले आहेत.

३) ऑक्टोबर ते डिसेंबरमधील पावलांचे आकडे, ग्रंथालयाच्या तारीख-चिठ्ठ्यांवर, एकूण एकोणसत्तर चिठ्ठ्या.

४) फरशीवरील चार गोलांचा फोटो.

५) व्यायामाच्या तक्त्याची मागची बाजू, दि. ४ ऑक्टोबर. खोलीचे दार उघडे होते आणि पत्नीचे कान तिखट आहेत, म्हणून अर्जदाराने फिजिओथेरपिस्ट बाईंना तोंडाने न विचारता यावर लिहून विचारले. प्रश्न अर्जदाराच्या अक्षरात : ‘यंत्र आले तर ती चालेल ना?’ खाली बाईंच्या अक्षरात : ‘चालेल.’ हा कागद अर्जदार पाकिटात ठेवतो. मूळ प्रत जोडण्यासाठी मागितली असता तो ‘चालणार नाही’ म्हणाला. सबब झेरॉक्स जोडली आहे.